अपडेटनंतर अ‍ॅप्स धडाधड बंद पडायची, त्यावर सापडलेला उपाय

रात्री फोनचं सिस्टिम अपडेट झालं आणि सकाळी भाजीवाल्या मावशींसमोर माझी फजिती. बँकेचं अ‍ॅप उघडलं की दोन सेकंदांत गायब. मेलचंही तेच. कॅमेरा, घड्याळ मात्र ठणठणीत.

आधी रीस्टार्ट, मग दोन्ही अ‍ॅप्सची कॅशे, म्हणजे तात्पुरती साठवलेली माहिती, साफ केली. फरक शून्य. 'क्लिअर डेटा' मात्र मुद्दाम टाळलं. कॅशे पुसली तर काही बिघडत नाही, पण डेटा पुसला की बँकेच्या अ‍ॅपमध्ये सिमची पडताळणी पुन्हा पहिल्यापासून.

मग लक्षात आलं, बंद पडणारी अ‍ॅप्स आतल्या आत वेबपानं दाखवणारी होती. ते काम 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' नावाचा एकच घटक करतो. मार्च २०२१ मध्ये त्याच्याच सदोष अपडेटमुळे जगभर अ‍ॅप्स कोसळली होती, ते आठवलं. प्ले स्टोअरमध्ये बघितलं तर वेबव्ह्यूचं अपडेट अर्धवट अडकलेलं. फोनमध्ये जागाच उरली नव्हती! (लग्नाचे व्हिडिओ, दुसरं काय.) तीन जीबी रिकामी केली, वेबव्ह्यू आणि क्रोम दोन्ही अपडेट केले, फोन पुन्हा चालू केला. बँकेचं अ‍ॅप उघडलं आणि उघडंच राहिलं. मावशींचे चाळीस रुपये दुपारी दिले.