श्रीलंका स्वतःच्या हिमतीवर फिरताय? या चुका टाळा

नकाशावर श्रीलंका तळहाताएवढी दिसते आणि तिथेच बेत फसतो. कोलंबो ते कँडी जेमतेम ११५ किलोमीटर, पण घाटवळणं आणि गावागावातली गर्दी धरली की तीन-साडेतीन तास सहज जातात. कँडीहून डोंगरातलं एल्ला गाठायला तर दिवस मोडतो. आठ दिवसांत दहा ठिकाणं कोंबू नका. सिगिरिया-दांबुल्ला भागात दोन रात्री, डोंगरात तीन, किनाऱ्यावर तीन, एवढं पुष्कळ झालं.

किनारा कुठला, ते मात्र पाऊस ठरवतो. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉल-मिरिस्साच्या बाजूला असतो, तेव्हा पूर्वेला त्रिंकोमाली आणि अरुगम बे इथे समुद्र शांत असतो. डिसेंबर-जानेवारीत नेमकं उलटं. मुलांच्या सुट्टीमुळे आपल्याकडची बरीच मंडळी मे महिन्यात जातात आणि नाव ऐकलेलं म्हणून दक्षिण किनाऱ्यावरचं हॉटेल घेतात. मग खवळलेलं पाणी खिडकीतून बघायचं. मे-जूनमध्ये सरळ पूर्वेला जा.

तारखा ठरवताना पौर्णिमाही बघून ठेवा. दर पौर्णिमेला तिथे ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते आणि देवळांत रीघ लागते. श्रद्धेचं वातावरण अनुभवायचं असेल तर त्या दिवशी जरूर जा, निवांत दर्शन हवं असेल तर टाळा.

सिगिरियाला माझी कळकळीची विनंती एकच: पहाटे उठा. पाचव्या शतकात राजा कश्यपाने सिगिरियाच्या उंच कातळावर राजवाडा बांधला. वर जायला सुमारे १२०० पायऱ्या आहेत आणि माथ्यावर सावली जवळपास नाहीच. दहानंतर चढणाऱ्यांचे हाल होतात. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत मिळते. गांधीलमाश्यांच्या पाट्या दिसतील तिथे आवाज करू नका. भित्तिचित्रांचे फोटो काढायला मनाई आहे, ती पाळा.

दांबुल्ल्याच्या पाच लेण्यांत मी भर दुपारी गेले होते. चपला बाहेर काढल्या आणि तापलेल्या कातळावर चार पावलं टाकताच तळपाय भाजले. तेव्हापासून पिशवीत जाड पायमोजे असतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी घेऊ नका, तिथल्या माणसांना ते खरोखर लागतं.

कँडी-एल्ला रेल्वेची आरक्षित तिकिटं महिनाभर आधी खुली होतात आणि भराभर संपतात. नाही मिळालं तर दलालाला दुप्पट पैसे मोजू नका. स्टेशनवर अनारक्षित तिकीट काढा, आणि जमलं तर कँडीऐवजी त्याच मार्गावरच्या नानुओया स्टेशनहून बसा. नुवारा एलियाला जाणारे बरेच प्रवासी तिथे उतरतात, त्यामुळे जागा मिळण्याची आशा असते. शिवाय तिथून पुढचा चहामळ्यांचा टप्पा फार देखणा आहे. पावसाळ्यात दरडी कोसळून मार्ग बंद पडतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी स्टेशनवर चौकशी करा आणि बसचा पर्याय हाताशी ठेवा.

शाकाहारी असाल तर ‘उंबलकड’ हा शब्द पाठच करा. वाळवलेल्या ट्यूना मासळीचा हा चुरा भाजीत, डाळीत, खोबऱ्याच्या सांबोलातही, म्हणजे तिथल्या चटणीतही पडतो, आणि नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर तो वगळला जाईलच असं नाही. ‘उंबलकड एपा’, म्हणजे ‘उंबलकड नको’, असं स्पष्ट सांगा. नाश्त्याला मिळणारं इंदीआप्प म्हणजे आपल्या कोकणातल्या शिरवाळ्यांची सख्खी बहीण, बघताच जीव हरखतो. पण सोबत येणाऱ्या नारळाच्या पिवळ्या रश्श्यातही, त्या किरीहोदीत, उंबलकड असू शकतं. तेव्हा आधी विचारा, मग कालवा.