मे महिन्यात दुपारी आडवं व्हायला कुणाची परवानगी लागते?

आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी एकनंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि तरी मी कित्येक वर्षं बरोब्बर त्याच वेळी कपाट आवरायला काढायचे, का तर दुपारी लोळणारी बाई म्हणजे आळशी हे लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलंय. घरात कोणी नसलं तरी आडवं झालं की कोणीतरी बघतंय असं वाटायचं!! ज्यांचं असंच होतं त्यांच्यासाठी, मी काय केलं ते सांगते.

आधी "सगळं आवरलं की पडते" हे सोडा. उन्हाळ्यात काही आवरत नसतं. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटून चीक काढा, तो शिजवताना गुठळी होऊ नये म्हणून हात दुखेस्तोवर घोटा, ते होतंय तोवर पापड, सांडगे, वर्षाचं तिखट, लोणच्याच्या कैऱ्या. म्हणून पडायचं ते घड्याळ बघून. माझं दीड ते दोन, काहीही राहिलेलं असू दे. मात्र घोटायचं काम पहाटे पाचलाच, ऊन चढायच्या आत कुरडया गच्चीवर, हे जमलं तरच दुपार मोकळी मिळते.

मग घरात मोठ्याने सांगा. मी गुपचूप पडायचे तेव्हा पाच मिनिटांत "अगं माझा चष्मा कुठंय" सुरू. आता कूलरमध्ये पाणी भरते, पडदा ओढते आणि जाहीर करते, मी पडतेय, दोनला उठेन, चहा ज्याला हवा त्याने करून घ्या. पहिले चार दिवस एकेकाचे चेहरे बघण्यासारखे होते, पाचव्या दिवशी सासूबाईच चटई घेऊन शेजारी आल्या.

तरी मन खातच असेल तर ऐका, आयुर्वेद एरवी दिवसा झोपू नका म्हणतो पण ग्रीष्मात चालेल असं चरकसंहितेतच आहे, कारण रात्री लहान असतात आणि उन्हाने शरीर कोरडं पडतं. अजून काय पाहिजे!

झोपायचं किती, तर वीस-तीस मिनिटं, अलार्म लावून. आमरस चेपून पडलात तर थेट पाचला जाग येते आणि डोकं दगड. त्यापेक्षा ताक-भात, कच्चा कांदा, वर पन्हं, आणि डाव्या कुशीवर वामकुक्षी. मोबाईल दुसऱ्या खोलीत हां, रील्स बघत पडणं म्हणजे आराम नाही. झोप नाही आली तरी कूलरच्या ओल्या ताटीचा वास घेत नुसतं पडून राहा. ऑफिसवाल्यांनी डबा खाऊन खुर्चीतच पंधरा मिनिटं डोळे मिटावे. पण चक्कर, मळमळ, अंग भट्टीसारखं तापलेलं, बोलणं भलतंच, असं काही असेल तर पडून राहू नका, सरळ दवाखाना गाठा.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताई दुपारी दीडला उन्हातून यायच्या, म्हणजे मी कूलरसमोर आणि त्या रस्त्यावर. आता साडेपाचनंतर येतात. तोवर भांडी सिंकमध्ये पडून असतात. असू देत.