जुन्या लष्करी रायफलची नळी: आधी पाणी, मग तेल
मोझिन-नागांत किंवा ली-एनफिल्डमधून लष्करी साठ्यातली जुनी काडतुसं उडवलीत, तर नळी त्याच दिवशी धुवा. अशा बऱ्याच काडतुसांच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या (प्रायमर) रसायनामुळे नळीत पोटॅशियम क्लोराईड उरतं. हा क्षार ओल धरून ठेवतो, मग गंज चढतो. नुसतं तेल लावून भागत नाही. क्षार विरघळतो तो पाण्यातच. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता दांडा) काढा आणि चेंबरकडून, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या टोकाकडून, नरसाळ्याने कढत पाणी ओता. लाकडात मात्र थेंबही मुरू देऊ नका. पोलाद तापल्यामुळे उरलेलं पाणी लवकर उडतं. चिंध्या कोरड्या निघाल्या की तेलाचा पातळ हात द्या. बोल्टचं तोंड हमखास विसरतं, तेही असंच धुवा. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवून बघा. तांबूस डाग दिसला, तर पुन्हा पाणी.