लसीनंतरचा ताप कसा हाताळावा

लस घेतल्यानंतर अंग कोमट होणे, दंड किंवा मांडी ठणकणे, बाळाने किरकिर करणे ही बहुधा शरीर प्रतिकारशक्ती घडवत असल्याची खूण असते. असा ताप सहसा 24 तासांत येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. गोवराच्या लसीचा ताप मात्र आठवडाभराने किंवा त्यानंतरही येऊ शकतो, म्हणून लसीची तारीख लिहून ठेवावी.

कपाळाला हात लावून अंदाज बांधण्यापेक्षा थर्मामीटर वापरावा. कपडे सैल ठेवावेत, बाळाला गुंडाळून ठेवू नये, अंगावरचे दूध, आणि सहा महिन्यांवरील मुलाला पाणीही, थोडे थोडे, वारंवार द्यावे. टोचलेल्या जागी ओल्या फडक्याची घडी ठेवावी, परंतु ती जागा चोळू नये. तेथे उरलेली लहानशी गाठ काही आठवड्यांनी आपोआप विरते.

मूल अस्वस्थ असेल तरच पॅरासिटामॉल द्यावे. मात्रा वयावरून नव्हे, तर वजनावरून ठरते: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान 4 ते 6 तासांचे अंतर, आणि दिवसात चारपेक्षा अधिक नाही. थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते, त्यामुळे बाटलीवरचा आकडा दरवेळी वाचावाच. मुलांना ॲस्पिरिन कदापि देऊ नये.

तीन महिन्यांखालील बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप आल्यास, झटका आल्यास, मूल मलूल पडल्यास डॉक्टरांना तत्काळ दाखवावे. श्वास लागणे, चेहरा सुजणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे बहुधा काही मिनिटांतच दिसतात. म्हणूनच लसीनंतर अर्धा तास केंद्रावर थांबावे.