भिशीचे नंबर फिरवताना रोटेट का फसतं? या चुका टाळा

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या भिशीत पाच जणी. यादीत नावांऐवजी गावंच घातली होती: अनगोळ, वडगाव, येळ्ळूर, खानापूर, निपाणी. जिला पैसे मिळाले ती यादीच्या तळाला, बाकीच्या एकेक घर वर. सी++ या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतलं (तयार फंक्शनांच्या संग्रहातलं) रोटेट नेमकं याच कामाचं, म्हणून यादी मी त्याच्यावर सोपवली. पाचव्या महिन्यात निपाणीच्या अक्कांचा फोन आला, "काय वो, माझा नंबर लागायचा हाय की नाही?" पैसे दुसऱ्यांदा अनगोळला गेले होते.

रोटेटला तीन जागा (आर्ग्युमेंट) सांगाव्या लागतात: यादीची सुरुवात (बिगिन), मधली जागा आणि शेवट (एंड). मी शेवट म्हणून 'एंड उणे एक' दिलं होतं. पण एंड शेवटच्या नावावर नसतो, त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेवर असतो. त्यामुळे पहिल्या चौघी आपसांत फिरत राहिल्या आणि निपाणी कायमची तळाला. ना एरर, ना वॉर्निंग.

सगळ्यात जास्त घोळ मधल्या आर्ग्युमेंटचा. तिथं 'किती घरं सरकवायची' हा आकडा जात नाही. फिरवल्यावर जो पहिला यायला हवा त्याचा इटरेटर, म्हणजे यादीतल्या त्याच्या जागेकडे बोट दाखवणारी खूण, जातो. 'बिगिन अधिक २' दिलं की येळ्ळूर पहिली येते आणि अनगोळ, वडगाव मागे जातात. म्हणजे रोटेट डावीकडे फिरवतं. उजवीकडे एक घर हवं असेल तर मधे 'एंड उणे १' द्या, निपाणी वर येईल. लिंक्ड लिस्ट (साखळीसारखी एकाला एक जोडलेली यादी) असेल तर इटरेटरमध्ये अधिक-उणे चालत नाही, नेक्स्ट आणि प्रीव्ह वापरा.

सातव्या महिन्याला 'बिगिन अधिक ७' दिलंत तर यादीच्या बाहेर गेलात. ते अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे काय होईल याची भाषा हमी देत नाही: कधी प्रोग्रॅम पडतो, कधी नुसताच कचरा दिसतो. आधी ७ ला ५ ने भागून बाकी घ्या, २ येईल. यादी रिकामी असेल तर शून्याने भागाकार होतो, तो आधीच अडवा. आकडा उणे असला तर सी++ मध्ये बाकीही उणे येते. तीत ५ मिळवून पुन्हा बाकी काढावी लागते. असली चूक शोधायला जीसीसी या सी++ कंपायलरचा डीबग मोड (चुका पकडणारी सोय) चालू करा, तो चुकीच्या रेंजवर लगेच थांबतो.

नावं एका व्हेक्टरमध्ये (सी++ मधली सलग यादी) आणि रकमा दुसऱ्यात ठेवल्या असतील तर फक्त नावं फिरवू नका. खानापूरच्या खात्यावर वडगावची रक्कम दिसते आणि मग गल्लीत तोंड दाखवायची सोय राहत नाही. दोन्ही एकाच स्ट्रक्टमध्ये (एका माणसाची सगळी माहिती एकत्र बांधणारी नोंद) घाला. आधी धरून ठेवलेला इटरेटरही फिरवल्यावर वैध राहतो, पण तो जागा धरून असतो, माणूस नाही. जुनी पहिली बाई कुठं गेली हे हवं असेल तर रोटेट जो इटरेटर परत देतं तो घ्या. सी++ ११ पासून ही सोय आहे.

नावांची यादी सॉर्ट करताना आपल्याकडची खास अडचण: नुसत्या बाइट्सच्या क्रमाने 'ळ' हा 'ल' आणि 'व' च्या मधे बसतो, मराठी वर्णमालेप्रमाणे 'ह' नंतर नाही. शिवाय कन्नडमध्ये लिहिलेली सगळी नावं देवनागरी नावांच्या खाली जातात. 'ळ' जागेवर बसवायला आयसीयूसारख्या (युनिकोड मजकुरासाठीच्या) लायब्ररीचा मराठी कोलेटर, म्हणजे वर्णक्रम लावणारा भाग, लागतो. आणि यूटीएफ-८ (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) मधल्या 'येळ्ळूर'वर रिव्हर्स चालवू नका. एकेक अक्षरचिन्ह ३ बाइट्सचं, उलटं झालं की पडद्यावर चौकोन.

चिठ्ठ्या काढायच्या असतील तर जुनं रँडम शफल सी++ १७ मधून काढून टाकलंय. शफल वापरा, आणि यादृच्छिक आकडे देणारा जनरेटर लूपच्या बाहेर एकदाच तयार करा. आत दर वेळी सेकंदाच्या घड्याळाने सीड केलात (सुरुवातीचा आकडा दिलात), तर एकाच सेकंदात काढलेल्या सगळ्या फेऱ्यांत तीच अक्का पहिली.