पट्टीखालची जमीन हलते तेव्हा

पावसाळ्यात कोल्हापुरात रोज सकाळी एकच चौकशी असते: राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. शाळकरी पोरांनाही हे पाठ असतं. आता असं समजा, की ज्या पट्टीवर आपण पाणी बघतो, ती पट्टी रोवलेली जमीनच चार बोटं वर आली. पट्टीवरचा आकडा खाली जाईल आणि आपण म्हणू, पाणी ओसरलं. समुद्राखालच्या भ्रंशाची, म्हणजे ज्या भेगेवर दोन्हीकडचे खडक एकमेकांवरून सरकतात तिची, हालचाल मोजणं म्हणजे हाच पेच. फरक इतकाच, की आपल्याला त्या आकड्यातून पाणी वगळून जमीन शोधायची असते.

मी भूभौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून या कामात आले. गावाकडची मुलं-मुली अधूनमधून विचारतात, नेमकं करता काय, आणि यायचं कसं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जमिनीवर भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना जीपीएस बसवला की काम होतं. पण त्याच्या रेडिओलहरी पाण्यात शिरत नाहीत. म्हणून तळाशी दाब मोजायचा, नाहीतर आवाज सोडायचा.

दाबमापक तळावर बसून डोक्यावरच्या पाण्याचं वजन सांगतो. तळ एक सेंटिमीटर उचलला, तर डोक्यावरचं पाणी तेवढंच कमी होतं. न्यूझीलंडजवळ हिकुरांगी भागात २०१४ मध्ये भूकंपाशिवाय, सावकाश घसरण झाली; तेव्हा तळ दीड ते साडेपाच सेंटिमीटर उचलल्याचं अशाच उपकरणांनी दाखवलं. त्याच पाण्यात भरती-ओहोटी रोज त्याच्या कितीतरी पट चढउतार करत असते. शिवाय दाबमापकाचा आकडा आपोआपही सरकतो, कधी वर्षाला काही सेंटिमीटर.

माझे वडील उद्यमनगरात लेथवर काम करायचे. मायक्रोमीटर हातात घेतला, की आधी त्याचे दोन्ही जबडे मिटवून बघायचे. मला म्हणायचे, "आदी झिरो बघ की, मग जॉबला हात लाव." दाबमापकाचं सरकणं मी पहिल्यांदा आलेखावर पाहिलं, तेव्हा हेच आठवलं. या क्षेत्रात यायचं तर आपल्याच उपकरणावर संशय घ्यायची सवय हवी. ती नसेल तर कितीही गणित येऊन उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे.

आवाजाची पद्धत मला जास्त आवडते. भ्रंशाच्या अल्याड-पल्याड ट्रान्सपाँडर ठेवायचे. एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची, आणि मधल्या वेळेवरून अंतर काढायचं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. पण थंड तळाशी तापमान एका अंशाने वाढलं की वेग चारेक मीटरने वाढतो. म्हणजे एक किलोमीटर अंतरावर तापमान शतांश अंशाने चुकलं, तर जवळपास तीन सेंटिमीटरची चूक! इस्तंबूलजवळ मार्मारा समुद्रात २०१४ पासून अशी उपकरणं सुमारे ८०० मीटर खोलीवर होती. तिथल्या भ्रंशपट्ट्यावर वर्षाला दोनेक सेंटिमीटर सरकण्याची अपेक्षा. मोजलेली अंतरं मात्र जवळपास जागची हलली नाहीत. भ्रंश अडकून बसलाय, ताण साठतोय, हे त्यातून कळलं. काहीच न हलणं हाच तिथला निकाल होता, आणि दीड कोटीच्या शहरासाठी तो फार गंभीर आहे.

जहाजावरून तळातल्या खुणा आवाजाने मोजायच्या आणि जहाजाची जागा उपग्रहांवरून काढायची, अशी जोडपद्धतही आहे. २०११ च्या जपानच्या भूकंपात केंद्राजवळचा तळ तब्बल २४ मीटर सरकल्याचं तिनेच सांगितलं. किनाऱ्यावरचा जीपीएस तेव्हा पाचेक मीटर दाखवत होता.

अभ्यासाचा रस्ता सरळ आहे. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र किंवा भूशास्त्र, मग जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी मुंबई किंवा धनबादला उपयोजित भूभौतिकी. पुढे नेट किंवा गेट. चेन्नईची एनआयओटी, हैदराबादची इन्कॉइस आणि एनजीआरआय, गोव्याची एनआयओ या समुद्र आणि भूगर्भावर काम करणाऱ्या सरकारी संस्थांच्या नोकरीच्या जाहिराती पाहत राहा. कोयनेच्या भूकंपांवर काम करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा तर आपल्या कराडलाच आहे.

पण प्रवेशाची वाट बघत बसू नका. अमेरिकेच्या ओरेगॉनसमोर अ‍ॅक्सियल नावाचा समुद्राखालचा ज्वालामुखी आहे. २०१५ च्या उद्रेकात त्याचा तळ सुमारे २.४ मीटर खचला. तिथल्या दाबाच्या नोंदी फुकट मिळतात. त्या उतरवा, पायथॉन या संगणकाच्या भाषेत भरती-ओहोटी काढून टाका आणि उरलेली रेघ बघा. मुलाखतीत यावर बोलता आलं, तर समोरचा कान टवकारतो.

हातकामही शिका. उपकरणाच्या धातूच्या डब्याला ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, बसवताना खाच पुसायची, बोटाने ग्रीसचा पातळ हात फिरवायचा आणि उजेडात धरून बघायचं. एखादा केस चिकटला असेल, तर चार किलोमीटर खोलीवर तेवढ्या फटीतून पाणी आत शिरतं आणि वर्षभराची नोंद जाते.

माझ्याकडून पहिल्याच सफरीत चूक झाली. एका उपकरणाचं घड्याळ मी भारतीय वेळेवर लावलं, बाकीची जागतिक वेळेवर होती. नोंदी हाती आल्यावर तीन महिने त्या एकाच ठिकाणची भरती शेजाऱ्यांशी जुळेना. शेवटी फरक बरोब्बर साडेपाच तासांचा निघाला. नशिबाने नोंद वाचली, पण माझ्यामुळे दोघा सहकाऱ्यांचे कितीतरी दिवस वाया गेले, याची टोचणी आजही आहे. तेव्हापासून वेळ एकाने वाचायची, दुसऱ्याने लिहायची आणि दोघांनी सही करायची, हा माझा नेम आहे.

उपकरण परत बोलवायला आवाजाचा संकेत सोडतात. खालचं वजन सुटतं आणि ते तरंगत वर येतं, सेकंदाला साधारण मीटरभर. तासाभराहून जास्त वेळ सगळे कठड्याला टेकून झेंडा शोधत असतात. दिसला की आरडाओरडा होतो, मिठ्या मारल्या जातात. तुम्ही मात्र तेव्हा वही उघडून ठेवा. डेकवर येताच, गोड्या पाण्याने धुण्याच्याही आधी, त्याचं घड्याळ जीपीएसशी ताडून बघायचं असतं.