टेनर व्हायचंय? आधी आपल्या पट्टीचा हट्ट सोडा

ख्याल किंवा नाट्यपद गाणारा आपली पट्टी स्वतः ठरवतो. पुरुषांचा सा बहुधा काळी एकच्या आसपास असतो. घसा जड असला तर पट्टी अर्ध्या सुराने उतरवतात आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. ऑपेरात, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकात, सूर बहुधा जिथे लिहिलाय तिथेच लागला पाहिजे, कारण सगळा वाद्यवृंद त्याच सुरात बसलेला असतो. टेनरचा, म्हणजे पुरुषी आवाजांतल्या उंच पट्टीच्या गायकाचा, तो गाजलेला वरचा 'सी' काळी एकवाल्याच्या अतितार षड्जाच्या फक्त अर्धा सूर खाली आहे. तो साठ-सत्तर वाद्यांच्या पलीकडे, माइकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो.

हे जोर लावून जमत नाही. वाद्यवृंदाचा भर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो. कमावलेल्या पुरुषी आवाजात ३००० हर्ट्झच्या जवळ एक वेगळा उंचवटा तयार होतो, आणि कान तो वाद्यांमधून वेचून घेतो. ओरडणाऱ्या गळ्यात हा उंचवटा नसतो. म्हणून शेजारी उभं राहिल्यावर प्रचंड वाटणारा आवाज प्रेक्षागृहात बुडून जातो.

खरी परीक्षा वरच्या 'सी'ची नसते, त्याच्या बरीच खाली असते. मधल्या 'सी'पासून वर जाताना पांढरी तीन ते पांढरी पाच हा टप्पा 'पासाज्जो', म्हणजे आवाजाची ढब बदलण्याचा सांधा, म्हणून ओळखला जातो. इथे खुला 'आ' तसाच वर नेला की स्वरयंत्र वर चढतं, गळा आवळतो आणि सूर चढतो किंवा पडतो. 'आ' किंचित 'ऑ'कडे झुकवायचा, जबडा सैल ठेवायचा, श्वासाचा दाब वाढवायचा नाही. आपल्याकडे खुल्या आवाजाचं कौतुक असल्यामुळे हा झाकलेला स्वर सुरुवातीला नकली वाटतो. सहा महिने तरी तसा वाटणारच. दिवसातून वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका एका सलग तासापेक्षा बऱ्या. कण आणि मींड घेऊन सुरावर पोचायची सवयही मोडावी लागते, सूर सरळ मधोमध लागला पाहिजे.

उच्चारात मराठी माणसाची थोडी सोय आहे. इटालियन 'त' आणि 'द' दंत्य आहेत, आणि 'पक्का', 'सत्ता' म्हणणाऱ्याला दुहेरी व्यंजनं शिकवावी लागत नाहीत. जर्मनमधले 'ü' आणि 'ö' हे गोल स्वर मात्र वेगळे घोटावे लागतात.

टेनर एकाच जातीचा नसतो. संगीतकार रोसिनीच्या ऑपेरांचा हलका, चपळ आवाज, त्यानंतर नेमोरिनो, टामिनो, रोदोल्फो या भूमिका गाणारा मृदू 'लिरिक', मग काव्हारादोस्सी आणि डॉन होसेसाठीचा अधिक दमदार 'स्पिंतो', आणि शेवटी ओथेल्लो, सीगफ्रीड अशा जड भूमिकांचा आवाज. तिशीच्या आत शेवटच्या दोन पायऱ्यांकडे फिरकू नका. लिरिक आवाजाने जड भूमिका घेतल्या की आधी कंप रुंद होतो, मग हळू आवाजात गाताच येत नाही. हे नुकसान सहसा भरून निघत नाही.

ऑडिशनसाठी पाच आरिया, म्हणजे ऑपेरातली एकट्याने गायची पदं, तयार लागतात: इटालियन, जर्मन, फ्रेंच, मोत्झार्टची एक, आणि शक्यतो एक रशियन किंवा इंग्रजी. पहिली तुम्ही निवडता, दुसरी समोरचे मागतात. पहिलीत आपल्याला झोपेतही येणारी चीज गा. 'ला बोएम'मधली रोदोल्फोची वरच्या 'सी'ची आरिया अर्धा सूर खाली घेण्याची पद्धत नामवंतांमध्येही आहे, पण नवख्याने ती सवलत मागितली की वरचा सूर नाही हे सगळ्यांना कळतं. त्यापेक्षा वरच्या 'सी'ची गरजच नसलेली टामिनोची आरिया गावी.

मुंबईत रॉयल ऑपेरा हाउस असलं तरी भारतात पगारी गायकसंच बाळगणारी कंपनी नाही, त्यामुळे बाहेर जावंच लागतं. मुंबई-पुण्यात एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा देता येतात. गोव्यात चर्चच्या गायकवृंदामुळे नोटेशन वाचणारे तरुण सहज भेटतात, आणि वाचन पक्कं असणं ही निम्मी तयारी आहे. पुढे सगळ्यात व्यवहारी देश जर्मनी. तिथे लहान शहरांतही सरकारी मदतीवर चालणारी, कायम गायकसंच असलेली नाट्यगृहं आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतं. जर्मन भाषा निदान बी-वन या मधल्या पातळीपर्यंत हवी, कारण तालमी त्याच भाषेत होतात.

'फेस्ट', म्हणजे गायकसंचातल्या नोकरीच्या, करारात दरमहा पगार, विमा आणि वर्षाला अनेक भूमिका मिळतात. करार वाढवायचा नसेल तर नाट्यगृह बहुधा ऑक्टोबरअखेरच कळवतं, त्यामुळे ऑडिशनांचा मोसम ओळखून ठेवा. फ्रीलान्समध्ये पैसे प्रत्यक्ष प्रयोगाचे मिळतात. सहा आठवडे तालीम केली आणि प्रयोगाच्या दिवशी घसा बसला, तर त्या रात्रीची फी बहुतेक वेळा जाते. उलट, दुसऱ्याचा घसा बसला की सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी उभं राहायचं असतं. त्यासाठी दोन-तीन भूमिका अख्ख्या पाठ हव्यात, नुसत्या आरिया चालत नाहीत. एक भूमिका बसायला तीन ते सहा महिने: आधी शब्दांचा अर्थ, मग तालात उच्चार, मग स्वरांवर सूर, शेवटी पियानोवादक प्रशिक्षकाबरोबर तालीम.

नायकाचा आवाज नाही म्हणून हिरमुसणारे पुष्कळ असतात. त्यांनी मोनोस्टाटोस, पेद्रिलो, गोरो, मीमे या भूमिका पाहाव्यात. हा विनोदी-चरित्र टेनर प्रत्येक संचाला लागतो, आणि नायकाचा वरचा सूर गेल्यावरही तो कामावर असतो.